आर्लोने पाठवलेली रायफल

स्कोगडाल, विस्कॉन्सिन
१४ एप्रिल २०१३

प्रिय आर्लो,

पार्सल पोचलं. बंदुकांचं लायसन्स माझ्या नावावर, म्हणून ते आपल्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाच्या पत्त्यावर आलं, आणि सही करून झाल्यावर माझं लक्ष पाठवणाऱ्याच्या नावाकडे गेलं. तुझं अक्षर बघून मी आधी दुकानाचं दार आतून लावून घेतलं. मम्मा गेल्यापासून नऊ वर्षं तू नाताळचं कार्ड पाठवतोस आणि त्यावर छापलेल्या शुभेच्छांखाली फक्त नाव लिहितोस. आणि आता एकदम हे लांबलचक खोकं!

घरी नेलं तेव्हा पप्पा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होते.

"काय आणलंस?"

"तुमच्या मुलाने पाठवलंय."

"कुठल्या?"

"तुम्हाला किती आहेत, पप्पा?"

त्यांनी सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि पुन्हा पुसले. खोकं मीच उघडलं. रायफल त्यांनी उभ्यानेच हातात घेतली, बोल्ट मागे ओढून आत काडतूस नाही ना ते पाहिलं, मग दुर्बिणीला डोळा लावून खिडकीबाहेर शेजारच्या मर्लिन झास्ट्रोच्या गोठ्याकडे बघत राहिले.

"नवी आहे," म्हणाले.

"नक्कल आहे. कोरियात तुमच्याकडे होती तिची."

"दिसतंय मला. आंधळा नाही झालो." आणि थोड्या वेळाने, "मर्लिनने गोठ्याचा पत्रा अजून बसवलेला नाही."

यात आभार कुठे आले, असं तू म्हणशील. थांब. जेवण झाल्यावर ते आत गेले आणि मम्माच्या कपाटावरचा तो फोटो घेऊन आले. विशीतले पप्पा, बर्फात, मांडीवर रायफल. फोटो टेबलावर टेकवून त्यांनी दोन्ही रायफली ताडून पाहिल्या. दस्त्याचं लाकूड पास. बोल्टची मूठ पास. दुर्बिणीची मागची कडी नापास, कारण त्यांच्या मते ती केसभर जास्त जाड आहे. फोटोतल्या कडीची जाडी त्यांना कशी कळली ते मी विचारलं नाही. कॉफी दोनदा गार झाली.

तू तो फोटो आठवून ही रायफल निवडलीस, हे मला कळलं. त्यांनाही कळलं. ते तुला लिहिणार नाहीत, म्हणून मी लिहितेय.

तुझी,
सोल्वेग

९ मे

प्रिय आर्लो,

उत्तराची वाट बघत नाहीये, तू तिकडे कोडिअ‍ॅकला मासेमारीची जाळी दुरुस्त करण्यात गुंतलेला असशील. फोन करणार होते, पण फोनवर आपलं काय होतं ते तुला माहीत आहे. आधी हवामान, मग मम्मा, मग कुणीतरी फोन आपटतं. कागद आपटता येत नाही.

तुझी रायफल रोज बाहेर पडते. पप्पा आणि मर्लिन दुपारी त्याच्या शेतामागच्या खडीच्या खाणीत जातात. पप्पांनी गाडीत ताडपत्री, उशी, थर्मास, सगळा संसार भरून ठेवलाय. मम्मानंतर हा माणूस अंगणाबाहेर पडत नव्हता, आर्लो. मी रविवारी चर्चला ओढून न्यायची, तेवढंच. आता मी दुकानातून येते तेव्हा घर रिकामं असतं आणि खाणीकडून आवाज येत असतात. मला ते इतकं बरं वाटतं की मी गाडी बंद करून थोडा वेळ तशीच बसते.

सुरुवातीला जरा रडगाणं होतं. गोळ्या कागदभर पसरत होत्या. मर्लिन म्हणाला, "इंगवाल्ड, ब्याऐंशीव्या वर्षी कोंबड्यांना दाणे टाकल्यासारखंच लागणार. घरी चल."

"नळी ठीक आहे," पप्पा म्हणाले. "डोळाही ठीक आहे. बैठक हलतेय."

पप्पा हे शिकवायचे तेव्हा तू खिडकीतून बाहेर बघत असायचास, म्हणून पुन्हा सांगते. दुर्बीण रायफलीला थेट चिकटत नाही. दोन कड्या तिला धरतात, कड्या एका पोलादी बैठकीवर बसतात, आणि ती बैठक स्क्रूंनी रिसीव्हरवर आवळलेली असते. रिसीव्हर म्हणजे रायफलीचा गाभा. नळी त्यातच फिरवून बसवतात, बोल्ट त्यातच सरकतो. बैठक केसभर हलली की लांबवर गोळी वीतभर सरकते.

मी बैठक उतरवली. पुढचा स्क्रू जेमतेम दोन आट्यांवर लटकत होता. भोकंसुद्धा मधल्या रेषेवर नव्हती, किंचित डावीकडे पाडलेली होती. ते लपवायला कुणीतरी मागचे बाजूचे स्क्रू पार टोकापर्यंत पिळून दुर्बीण जबरदस्तीने सरळ केली होती. मी लांब स्क्रू घातले, बैठकीखालची बाजू घासून नीट बसवली. आता गोळ्या कॉफीच्या बशीखाली झाकल्या जातात. मर्लिन गप्प आहे, म्हणजे बघ.

आणि ऐक. पप्पांनी आपल्या क्लबच्या जुलैच्या स्पर्धेत नाव दिलंय, जुन्या लष्करी दुर्बीण-रायफलींच्या. तिथे जोडी लागते. एकाने नेम धरायचा, दुसऱ्याने शेजारी पडून मोठ्या दुर्बिणीतून बघायचं आणि वारा सांगायचा. मर्लिनला घ्या म्हटलं तर म्हणाले, "मर्लिन झोपतो." म्हणून मी.

बोल्ट उचलताना जरा जड जातो. नवी आहे म्हणून असेल, बघते. बाकी रायफल छान आहे. तू छान निवडलीस.

तुझी,
सोल्वेग

२ जून

प्रिय आर्लो,

हे पत्र मी तीनदा सुरू करून फाडलं. बोल्टबद्दल मागच्या पत्रात एक ओळ टाकून मी पुढे पळाले होते. आता नीट लिहिते.

बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन कान असतात. गोळी उडते तेव्हा मागे येणारा सगळा धक्का ते कान रिसीव्हरच्या आतल्या खाचांवर टेकवून धरतात. त्याच्यामागे लगेच नेम धरणाऱ्याचा चेहरा असतो. जुन्या सरकारी रायफलींचे रिसीव्हर घडवलेल्या पोलादाचे, वरून काचेसारखे कडक केलेले. तुझ्या रायफलीचा रिसीव्हर ओतीव आहे. ओतीव म्हणजे वाईट असं नाही, नीट केलेले मी पुष्कळ पाहिलेत. पण हा मऊ राहिलाय. धक्क्याधक्क्याने त्याच्या खाचा चेपत चालल्यात आणि बोल्ट मागे सरकतोय. आमच्याकडे काडतुसाच्या जागी घालायचा एक मापाचा ठोकळा असतो, त्यावर बोल्ट बंद होता कामा नये. एप्रिलमध्ये होत नव्हता. काल अगदी लोण्यातून सुरी जावी तसा झाला.

ही रायफल आता उडवायची नाही. एखादं काडतूस आतच फाटलं तर पप्पांचा डोळा जाईल, किंवा त्याहून वाईट.

यात तुझी चूक शून्य आहे. बाहेरून ती देखणी आहे. पप्पांनी चाळीस वर्षं हेच काम केलं, तरी पहिल्या दिवशी त्यांनाही दिसलं नाही. मलाही नाही.

मी पप्पांना खरं सांगितलं नाही. बैठकीचा एक भाग मागवलाय, आठवडा लागेल, असं म्हणून रायफल दुकानात ठेवून घेतली. संध्याकाळी ते स्वतः दुकानात आले. नीट इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, का कोण जाणे.

"भाग आला?"

"नाही अजून."

"कुठला भाग, सोल्वी?"

मी काहीतरी पुटपुटले. ते माझ्या टेबलाशी आले. तो ठोकळा तिथेच पडलेला. त्यांनी तो बोटाने जरासा ढकलला.

"माझ्याशी खोटं बोलायला मीच तुला शिकवलं नाही, म्हणून तुला जमत नाही," म्हणाले. "रिसीव्हर मऊ आहे. पंधरवडा झाला, माझ्या हाताला कळतंय. बोल्ट चिकटतो."

मी ओरडले. खरंच ओरडले, आर्लो, बाहेर गिऱ्हाईक उभं होतं तरी. "पंधरवडा? आणि तुम्ही रोज गाल टेकवून उडवत बसलात? वेड लागलंय का तुम्हाला?"

ते स्टुलावर बसले. मग खूप हळू म्हणाले, "त्याने विचारलं असतं, पप्पा, कशी चालते? मग मी काय सांगणार होतो? भिंतीवर टांगून ठेवली म्हणून?"

तू विचारलं नाहीस. पण ते रोज उत्तर तयार ठेवत होते.

मला तुला दुखवायचं नाही. पण लपवून ठेवलं असतं तर तुला पुढे कधीतरी मर्लिनकडून कळलं असतं, आणि तेही तिखटमीठ लावून. कारखान्याला मी कळवलंय. बघू ते काय म्हणतात.

तुझी,
सोल्वेग

२१ जून

आर्लो,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. "भिंतीवर टांगा. माझ्याकडचं काही त्या घरात कधी बसलंच नाही." पुढच्या बाजूला अस्वलाचा फोटो. अस्वल तुझ्यापेक्षा बरं दिसतंय.

मोठी बहीण म्हणून एकदाच रागावते. मी पोलादाबद्दल लिहिलं. तू ते स्वतःबद्दल वाचलंस. तीन पानांत मी लिहिलं की एक म्हातारा माणूस तुला वाईट वाटू नये म्हणून स्वतःचा डोळा पणाला लावून बसला होता, आणि तुला त्यात दिसलं काय, तर नकार! मूर्ख आहेस. माझा लाडका आहेस, पण मूर्ख आहेस.

रागावून झालं. आता पुढचं ऐक.

कार्ड मी पप्पांना दाखवणार नव्हते. पण पोस्टकार्ड म्हणजे काय, पोस्टमननेही वाचलं असणार. पप्पांनी टपालपेटीतून स्वतःच काढून आणलं होतं. न्याहारीला ते बशीशेजारी ठेवून बसले. खाल्लं काहीच नाही.

"सोल्वी, हरणाची रायफल काढ."

तीच, दारामागची. तुझी रायफल जिच्या जातीची नक्कल आहे, ती जुनी स्प्रिंगफील्ड, जिने तू पहिलं हरीण मारलंस आणि मग रडलास. मी मारलं नाही आणि तरी रडले. त्यांनी ती युद्धानंतरच्या सरकारी विक्रीत घेतली होती. आयुष्यात तिला दुर्बीण लागली नाही, स्क्रू लागला नाही. मर्लिनच्या भावाने एकदा तिच्यावर दुर्बीण बसवून देतो म्हटलं, तर पप्पांनी वर्षभर त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

"हिचा रिसीव्हर घडीव आहे," पप्पा म्हणाले. "चांगला आहे. आर्लोची बैठक यावर चढव. त्याची दुर्बीण, त्याच्या कड्या, त्याचा दस्ता. सगळं."

"भोकं पाडावी लागतील, पप्पा. नेम धरायचं मागचं जुनं निशाण काढावं लागेल. बोल्टची मूठ वाकवून घासावी लागेल, नाहीतर दुर्बिणीला अडेल. मग ती पुन्हा पूर्वीसारखी होणार नाही."

"मला शिकवू नकोस. भोकं कशी पाडतात ते तुला कुणी शिकवलं?"

"तुमची लाडकी रायफल आहे ती."

"पोरगं लाडकं नाही का माझं?" ते एकदम ओरडले. मग खिडकीकडे तोंड करून बसले आणि गार अंडी खाल्ली.

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिलंय, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. पुन्हा वाच.

शनिवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघांनी काम केलं. त्या पोलादाची वरची कातडी इतकी कडक की साधी ड्रिलं नुसती घसरतात. खास टोकांची मागवावी लागली. मधली रेषा मी आखली, पप्पांनी तपासली, मी पुन्हा आखली. पहिलं भोक पाडायच्या वेळी मी ड्रिल दोनदा खाली आणून परत वर घेतलं. तिथे चूक झाली असती तर सुधारणा नव्हती. पप्पांनी यंत्राच्या दांड्यावर माझ्या हातावर हात ठेवला. ढकलला नाही, नुसता ठेवला. भोक सरळ गेलं. चारही सरळ गेली. बैठक चढवली तेव्हा मागचे स्क्रू दोन्हीकडून सारखे बसले, कुणाला पिळावं लागलं नाही.

एक गंमत. खऱ्या दुर्बीणवाल्या रायफलींवर नाव आणि नंबर बाजूला सरकवून कोरलेले असायचे, बैठकीखाली जाऊ नयेत म्हणून. आपल्या हरणाच्या रायफलीवर ते मधोमध आहेत, त्यामुळे बैठकीने अर्धे झाकले गेले. जाणकार बघणारा एका नजरेत ओळखेल. पप्पांना सांगितलं तर म्हणाले, "ओळखू दे."

आता कळव, भिंतीवर काय टांगू.

सोल्वेग

२२ जुलै

प्रिय आर्लो,

स्पर्धा झाली. आधी निकाल: आम्ही चौथे आलो. पहिल्या आल्या ला क्रॉस शहरातल्या दोन परिचारिका, स्वीडिश रायफल घेऊन. पप्पा म्हणतात त्यांचा नेम चांगला होता. पप्पा कुणाला चांगलं म्हणतात, हीच मुळात बातमी.

सकाळी तपासणीच्या टेबलावर क्लबचा माणूस रायफल उलटीपालटी करत बसला. बैठकीखाली गेलेला नंबर त्याला दिसला. "मिस्टर ब्राटली, ही खरी की नक्कल?"

"अर्धी माझी," पप्पा म्हणाले, "अर्धी माझ्या मुलाची."

त्याला काय कळलं देव जाणे. पण त्याने तपासणी पास झाल्याची चिठ्ठी बांधून दिली.

मैदान तुला आठवत असेल, दरीतलं, मधून ओढा जाणारं. लक्ष्य खड्ड्यातून वर येतं, थोडा वेळ उभं राहतं आणि खाली जातं. तेवढ्यात मी वारा सांगायचा आणि त्यांनी घोडा ओढायचा. गवतावर पालथं पडताना त्यांचे गुडघे असे वाजले की पलीकडच्या जोडीने वळून पाहिलं. पण एकदा दस्त्याला गाल टेकला आणि माणूस बदलला. श्वास आत, अर्धा बाहेर. मी पहिल्यांदाच त्यांच्या इतक्या जवळ पडून हे पाहिलं. त्या बर्फातल्या फोटोतला मुलगा मला त्या दिवशी दिसला, आणि जरा भीतीही वाटली. ते कोरियातलं कधी का बोलत नाहीत, तेही थोडं कळलं.

पहिल्या फेरीत मी वारा दोनदा चुकवला.

"सोल्वी, तू वारा सांगतेयस की रेडिओवरच्या बातम्या?"

"गवत उजवीकडे वाकतंय, पप्पा!"

"इथलं वाकतंय. ओढ्यावरचं बघ. आर्लो असता तर त्याला न बघता कळलं असतं. अर्धं आयुष्य वाऱ्यात काढलंय त्याने."

दोन फेऱ्यांच्या मधे आम्ही तिथेच ताडपत्रीवर पडून होतो. मी दुर्बिणीला डोळा लावूनच विचारलं, कारण तोंडाकडे बघून विचारायची हिंमत नव्हती. "मग त्याला बोलावलं का नाहीत?"

"जुलैत?" ते म्हणाले. "जुलैत मासे धावतात, ऐन हंगाम. येणार कसा तो?"

अगदी सहज म्हणाले. गवताची काडी चघळत. जशी ही गोष्ट साऱ्या जगाला ठाऊक आहे आणि मलाच कशी नाही.

आर्लो, मम्मा जुलैत गेली, तू समुद्रात होतास. तू तिच्या दफनानंतर दोन दिवसांनी पोचलास तेव्हा हाच माणूस ओसरीवर उभा राहून तुला काय म्हणाला होता, ते मी लिहीत नाही. तुला पाठ असेल. तू बॅग न उघडता परत गेलास. त्यानंतर त्यांनी ते वाक्य कधी मागे घेतलं नाही. त्यांना मागे घेता येत नाही, ते पुढेच ढकलत राहतात. पण त्या दिवशी त्या गवतात त्यांनी ते मागे घेतलं. त्यांना ते कळलंही नसेल. मला कळलं. माझी दुर्बीण धूसर झाली आणि पुढच्या लक्ष्याचा वारा मी काहीच्या बाही सांगितला. त्यांनी तो ऐकला नाही आणि मधोमध मारला.

घरी येताना गाडीत चीज आणि तळलेला मासा खाल्ला. ते म्हणाले, "हा मासा कोडिअ‍ॅकचा नाही." मी म्हटलं, तुम्हाला काय कळतं? "नाहीच. मऊ आहे," म्हणाले, आणि सगळा संपवला.

तुझी,
सोल्वेग

३ नोव्हेंबर

प्रिय आर्लो,

तुझं सप्टेंबरचं पत्र त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलंय. मला वाचू दिलं नाही. एवढंच म्हणाले, "लांब लिहितो." मी विचारलं, काय लिहितो? "माशांबद्दल," म्हणाले. पत्र वाचून माशांसाठी कुणी इतका वेळ गोठ्यात जाऊन बसत नाही, पण असो.

नंतर रोज नवा प्रश्न. कोडिअ‍ॅकला थंडी किती? पाऊस जास्त की बर्फ? तिथे लोक नॉर्वेजियन बोलतात का? (नाही म्हटलं तर निराश झाले.) मग काल न्याहारीला, बटर लावता लावता: "त्याची बोट आता किनाऱ्याला असेल, नाही?"

पप्पांचं तुझ्याकडे यायचं तिकीट मी काढलंय. पुढच्या शुक्रवारी दुपारी पोचतील. अँकरेजला विमान बदलायचंय. तिथे विमान कंपनीची एक बाई त्यांना हात धरून नेणार आहे. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

रायफल आणणार होते. मी नको म्हटलं. विमानाच्या कागदांचा त्रास, आणि तुमच्या दोघांच्या मधे पहिल्या दिवशी काही नसलेलं बरं. हो-नाही करत ऐकलं. तुझ्या दस्त्यावर तेल लावून ती दारामागे ठेवली आणि मर्लिनला बजावलं, हात लावशील तर बघ.

आता लक्ष देऊन वाच. रक्तदाबाची गोळी सकाळी, लहान पांढरी. विसरले नाहीत असं म्हणतील, डबी उघडून बघ. कॉफी काळी, पण तीन कपांच्या वर नको. उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्या बाजूला बस. गाडीत पुढे बसव. मागे बसवलंस तर रुसतील. तुझं घर लहान आहे म्हणे, ते त्यांना आवडेल. पहिल्या दिवशी ते तुझ्या गळक्या नळाबद्दल, चुलीबद्दल, दाराच्या बिजागरीबद्दल बोलतील. हे त्यांचं "कसा आहेस" असतं. तू चिडू नकोस. हातात पाना दे.

मम्माबद्दल ते बोलतील असं मला वाटतं. घाई करू नकोस. तू विषय काढू नकोस, आणि त्यांनी काढला तर बदलू नकोस.

आणि ते तुझी बोट बघायला मागतील. गोदीवर ओलं असेल, फळी निसरडी असेल, आणि ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने बोटीवर चढू नये हे आपल्या दोघांनाही माहीत आहे. तरी तू त्यांना चढू देशील. मी तुला ओळखते. तेव्हा फळीच्या टोकाशी उभा राहा आणि हात पुढे कर. ते झिडकारतील, म्हणतील मी काय म्हातारा झालोय का.

हात मागे घेऊ नकोस.

सोल्वेग